निद्रा : मेंदूची रात्रपाळी



वार्षिक अहवालाच्या निमित्ताने आम्ही दरवर्षी आपल्या रुग्णालयाच्या कामाचा हिशेब आपणांपुढे ठेवतो. किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणती नवी उपकरणे आली, कोणत्या निधीतून किती गरजूंना सवलत देता आली, हे सारे तक्त्यांतून मांडता येते. त्यासोबत आरोग्याच्या एखाद्या विषयावर सविस्तर लिहिण्याची प्रथाही आपण पाळत आलो आहोत. या वर्षी निवडलेला विषय मात्र कोणत्याही तक्त्यात न बसणारा आहे. तो विषय म्हणजे झोप.

सकाळच्या फेरीला निघालेले डॉक्टर खाटेजवळ येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘रात्री झोप लागली का?’ हाच असतो. घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यालाही आपण सकाळी हेच विचारतो. चरकसंहितेने तर आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीला निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे. म्हणजे झोपेचे महत्त्व आपल्याला ठाऊक नाही असे मुळीच नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुढे काय करायचे याचा पुरेसा विचार ना घरात होतो, ना रुग्णालयात. तो व्हावा, यासाठी हा लेखप्रपंच.

एक रात्र

गेल्या वर्षातील एक प्रसंग, रुग्णाची ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे सांगतो. पंचाहत्तरी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक घरात पाय घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडल्याने आपल्याकडे दाखल झाले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. पहिले दोन दिवस ते सर्वांशी नीट बोलत होते. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मात्र ते अचानक उठून बसले, सलाईनची नळी ओढू लागले, ‘घंटा झाली, मला वर्गावर जाऊ द्या’ असे म्हणू लागले. समोर उभ्या असलेल्या आपल्या मुलालाही त्यांनी ओळखले नाही. मुलगा कासावीस होऊन परिचारिकेकडे धावला. ‘सिस्टर, बाबांना वेड लागलं का हो?’ एवढेच तो विचारू शकला.

त्यांना वेड लागलेले नव्हते. वृद्ध रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतर किंवा गंभीर आजारात अशी तात्पुरती भ्रमावस्था येऊ शकते. वैद्यकशास्त्रात तिला ‘डेलिरियम’ म्हणतात. जंतुसंसर्ग, वेदना, काही औषधे, शरीरातील पाण्याचे व क्षारांचे बिघडलेले प्रमाण अशी तिची अनेक कारणे असतात आणि ती तातडीने शोधावी लागतात. तशी ती शोधली गेली. परंतु त्या निमित्ताने आम्ही या रुग्णाच्या तीन रात्रींच्या नोंदी समोर ठेवून वाचल्या. मध्यरात्री इंजेक्शन, दोन वाजता रक्तदाब, साडेचारला तपासणीसाठी रक्त, मधल्या वेळेत शेजारच्या खाटेवर आलेला नवा रुग्ण, आणि रात्रभर डोळ्यांवर जळणारा दिवा. सलग दोन तास त्यांना कोणी झोपू दिलेच नव्हते. आणि हे करणारे कोणी परके नव्हते, आम्हीच होतो. प्रत्येक काम आपापल्या जागी योग्य होते. पण या साऱ्या कामांच्या बेरजेत रुग्णाची रात्र संपून जात होती, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

झोपेच्या अभावामुळेच त्यांना भ्रम झाला, असे आम्ही म्हणणार नाही. कारणे एकाहून अधिक होती. पण त्यांतील एक कारण आमच्या हातात होते, ही जाणीव आम्हांला स्वस्थ बसू देईना.

झोपेत मेंदू काय करतो?

झोप म्हणजे विश्रांती आणि विश्रांती म्हणजे काम बंद, अशी आपली साधी समजूत असते. विज्ञानाचीही बराच काळ अशीच समजूत होती. १९२४ मध्ये जर्मनीतील हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युतलहरींची पहिली नोंद केली आणि झोपलेल्या मेंदूत डोकावण्याची खिडकी उघडली. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिले की, झोपेत ठरावीक अंतराने असा काळ येतो की बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलत असतात आणि मेंदूच्या लहरी जवळजवळ जागेपणीसारख्या दिसतात. या काळात झोपेतून उठवलेली माणसे बहुधा स्वप्न पडत असल्याचे सांगत. बाहेरून निश्चल दिसणारा माणूस आतून चांगलाच कामात असतो, हे तेव्हापासून स्पष्ट झाले.

आज आपण जाणतो की रात्रीची झोप एकसंध नसते. उथळ झोप, मग गाढ झोप, मग स्वप्नांची झोप असा एक फेरा साधारण दीड तासात पूर्ण होतो आणि रात्रभरात असे चार ते सहा फेरे होतात. पूर्वरात्रीच्या फेऱ्यांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो, तर उत्तररात्री स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढत जातो. पहाटेच्या ज्या झोपेला आपण कौतुकाने ‘साखरझोप’ म्हणतो, तिचा पुष्कळसा भाग हा असा असतो. बारा वाजता झोपून चारला उठणाऱ्या विद्यार्थ्याची केवळ झोप कमी होते असे नाही. झोपेचा एक विशिष्ट प्रकार त्याच्या वाट्याला फारच थोडा येतो. आणि ज्या रुग्णाला दर तासाला उठवले जाते, त्याचा फेरा पूर्णच होत नाही. त्याच्या झोपेचे तास कागदावर कदाचित सात भरतील, पण ती झोप सात तासांची नसते. ‘झोप किती’ याइतकाच ‘झोप कशी’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे तो यामुळे.

झोप कधी यावी, हे ठरवणाऱ्या दोन यंत्रणा आहेत. १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी त्यांची मांडणी केली. पहिली यंत्रणा थकव्याच्या हिशेबाची. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यासोबत झोपेची ओढ वाढत जाते. चहा-कॉफीतील कॅफिन या द्रव्याची वाट अडवते, म्हणून तरतरी वाटते. थकवा मात्र जागच्या जागी राहतो. दुसरी यंत्रणा घड्याळाची. डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या वर, मेंदूच्या तळाशी असलेल्या सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका दिवसरात्रीचे भान ठेवतो. सकाळच्या उजेडाने हे घड्याळ लावले जाते आणि अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णालयातील रात्रंदिवस सारखाच राहणारा दिवा हे घड्याळ कसे बिघडवत असेल, याची कल्पना यावरून यावी.

मेंदूची तीन कामे

झोपेत मेंदू नेमके काय साधतो, याबद्दल संशोधन अद्याप चालू आहे. तथापि तीन गोष्टी आपणांपुढे ठेवण्याजोग्या आहेत.

पहिले काम स्मरणाचे. दिवसभरात शिकलेल्या गोष्टी आधी मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरत्या उतरतात आणि झोपेत त्यांची उजळणी होऊन त्या अधिक टिकाऊ रूपात साठवल्या जातात, असे मानले जाते. १९२४ मध्येच जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी प्रयोगाने दाखवले होते की, पाठ केलेली निरर्थक अक्षरे जागे राहिल्यानंतर जितकी विसरली जातात, त्याहून झोपेनंतर बरीच कमी विसरली जातात. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅक्नॉटन यांना उंदरांच्या मेंदूत आढळले की, जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र उद्दीपित झाल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र उद्दीपित होतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास मेंदूत शिरतो खरा, पण तो तेथे मुरायला वेळ मिळत नाही.

दुसरे काम भावनांच्या समतोलाचे. २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात सुमारे ३५ तास जागे राहिलेल्या तरुणांना अप्रिय चित्रे दाखवण्यात आली. भय आणि संताप यांच्याशी निगडित असलेला अमिग्डला हा भाग झोप झालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूत सुमारे ६० टक्के अधिक उद्दीपित झाला आणि त्यावर लगाम ठेवणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचा संबंध क्षीण झालेला दिसला. रुग्णाजवळ चार रात्री जागलेला नातेवाईक क्षुल्लक कारणावरून परिचारिकेवर ओरडतो, तेव्हा त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी त्याच्या रात्री आठवाव्यात, असे आम्ही आमच्या सहकाऱ्यांना सांगतो. उलट, रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला परिचारिकेचा आवाज चढला, तर नातेवाइकांनीही तेच आठवावे.

तिसरे काम स्वच्छतेचे. दिवसभराच्या कामातून मेंदूत टाकाऊ द्रव्ये निर्माण होतात. अल्झायमर या विकारात मेंदूत साचणारे बीटा-ॲमिलॉइड हे त्यांपैकीच एक. २०१३ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांना उंदरांत असे दिसले की, झोपेत मेंदूतील पेशींमधल्या जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावतात आणि त्यांतून वाहणारा द्रव ही घाण अधिक वेगाने धुऊन नेतो. २०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांना मात्र उंदरांतच याच्या उलट निष्कर्ष मिळाले, त्यामुळे ही सफाई नेमकी कशी व केव्हा होते यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. माणसांबद्दल एवढे सांगता येते की, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वीस निरोगी व्यक्तींच्या मेंदूत एका रात्रीच्या जागरणानंतर बीटा-ॲमिलॉइडचे प्रमाण किंचित वाढलेले आढळले.

उधारीची झोप

‘मला पाच-सहा तास पुरतात, सवय झाली आहे,’ असे अनेकजण अभिमानाने सांगतात. या विधानाची कसोटी पाहणारा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी प्रौढांना गटागटाने चौदा रात्री चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले गेले. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची एकाग्रता दिवसागणिक ढासळत गेली. शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. विशेष हे की, त्यांना स्वतःला तितकी पेंग येत असल्याचे जाणवत नव्हते. म्हणजे सवय होते ती झोप येत असल्याकडे दुर्लक्ष करण्याची. मेंदूची क्षमता काही कमी झोपेला सरावत नाही.

याचा एक व्यावहारिक धोका आम्ही वारंवार पाहतो. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड यांनी दाखवले की, सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाच्या हालचालींतील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या देशातील वाहनचालकांसाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. वडिलांजवळ रात्र जागून काढलेला मुलगा पहाटे मोटरसायकलवर गावी निघतो, तेव्हा त्याने थेंबभरही दारू घेतलेली नसते. पण रस्त्यावर त्याचा मेंदू दारू प्यायलेल्या माणसासारखाच वागत असतो. अशा वेळी तासभर झोपून मगच निघावे, एवढी विनंती आम्ही हात जोडून करतो.

दीर्घकाळाचा विचार केला तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील अभ्यास लक्षात घ्यावा लागतो. सुमारे आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांवर पंचवीस वर्षे लक्ष ठेवण्यात आले. वयाच्या पन्नाशीत, साठीत आणि सत्तरीत सातत्याने सहा तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांत, सात तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के अधिक आढळला. यावरून कमी झोप हेच स्मृतिभ्रंशाचे कारण असे सिद्ध होत नाही; परंतु चाळिशी-पन्नाशीतल्या झोपेची हेळसांड करू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

हे वाचून कोणी धास्तावून जाऊ नये. एखाद्या रात्री झोप लागली नाही म्हणून मेंदूला कायमची इजा होत नाही. पुढच्या रात्री मेंदू अधिक गाढ झोपून नुकसान बऱ्याच अंशी भरून काढतो. काळजी करायची ती रोजच्या उधारीची.

घोरणे आणि गोळ्या

झोपेचे तास पुरेसे असूनही ज्यांची सकाळ जड डोक्याने उजाडते, त्यांच्याविषयी दोन शब्द. मोठ्याने घोरणे, घोरता घोरता श्वास थांबणे आणि मग दचकून श्वास घेणे, दिवसा बसल्या बसल्या डुलक्या येणे, ही निद्रेतील श्वासरोधाची लक्षणे असू शकतात. घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. या विकारात घसा वारंवार बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि प्रत्येक वेळी मेंदूला अर्धवट जागे व्हावे लागते. रुग्णाला मात्र सकाळी यातले काही आठवत नाही. उच्च रक्तदाबाशीही त्याचा निकटचा संबंध आहे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरील मास्कमधून हवेचा सौम्य दाब देण्याची पद्धत शोधली आणि आजही ती या विकारावरील प्रमुख उपचार आहे. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ ‘हे घोरतात का?’ असे घरच्यांना विचारतात, तेव्हा तो थट्टेचा प्रश्न नसतो. खरे उत्तर द्यावे.

निद्रानाशाबाबत सांगायचे तर, दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळ्या नव्हे, तर झोपेच्या सवयी व त्याविषयीचे विचार बदलणारी समुपदेशनाची पद्धत वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली. वृद्धांमध्ये झोपेच्या गोळ्यांमुळे तोल जाणे, पडणे आणि गोंधळणे यांचा धोका वाढतो. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या आईला देऊ नये. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना न विचारता एकदम बंदही करू नये.

आमची जबाबदारी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या ग्रंथात आवाजासाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि रुग्णाला पहिल्या झोपेतून उठवू नये असे बजावले. त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. अलीकडच्या काळात त्याला भक्कम पुरावाही मिळाला. १९९९ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी सत्तर वर्षांवरील ८५२ रुग्णांचा अभ्यास केला. निम्म्या रुग्णांसाठी काही साधे उपाय योजले गेले : दिवसवेळेचे भान देणे, लवकर चालते करणे, चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, पुरेसे पाणी देणे आणि रात्री गोळीऐवजी गरम पेय, शांत संगीत, पाठीला हलके मालीश आणि गोंगाटाला आळा. या गटात भ्रमावस्थेचे प्रमाण ९.९ टक्के राहिले, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात ते १५ टक्के होते. यांतील एकाही उपायासाठी महागडे यंत्र लागत नाही.

आरंभी सांगितलेल्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या सर्वसाधारण कक्षांत काही बदल केले. ज्यांची प्रकृती स्थिर आहे, अशा रुग्णांचे नेहमीच्या तपासणीचे रक्त आता पहाटे न घेता सकाळी उजाडल्यावर घेतले जाते. रात्रीची औषधे, रक्तदाब व तापमान ही कामे शक्य तेथे एकाच फेरीत उरकली जातात. रात्री दहानंतर मोठे दिवे मालवून परिचारिकांच्या टेबलापुरता उजेड ठेवला जातो. ट्रॉल्यांच्या चाकांना वंगण मिळते. वृद्ध रुग्णांना दिवसा खिडकीशी बसवले जाते. अतिदक्षता विभागात हे सारे जमत नाही. तेथे रुग्णाच्या जिवासाठी रात्रभर नोंदी घ्याव्याच लागतात. सर्वसाधारण कक्षातही एकाच्या खोकल्याने दहाजण जागे होतात, ही अडचण आम्ही दूर करू शकलेलो नाही. रुग्णांचे नातेवाईक आजही व्हरांड्यात सतरंजी टाकून निजतात, याचीही आम्हांला खंत आहे.

आपला वाटा

रुग्णांच्या आप्तांना आमच्या काही विनंत्या आहेत. एकाच व्यक्तीने सलग रात्री जागू नये; पाळ्या लावाव्यात. भेटीची वेळ संपल्यावर रुग्णाभोवती गप्पा रंगवू नयेत आणि भ्रमणध्वनीचा आवाज बंद ठेवावा. रुग्णाचा चष्मा, श्रवणयंत्र, रोजच्या वापरातले पांघरूण घरून आणावे. आणि रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, माणसे ओळखेनासा झाला किंवा एकाएकी सुस्त पडला, तर ‘वय झालंय’ म्हणून सोडून न देता तत्काळ परिचारिकेला सांगावे.

घरी परतल्यावर पाळण्याजोग्या गोष्टीही साध्या आहेत. प्रौढांनी किमान सात तास झोपावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत आठ ते दहा तास झोप हवी. झोपण्याच्या वेळेपेक्षाही उठण्याची वेळ नियमित ठेवावी आणि सकाळचा उजेड अंगावर घ्यावा. ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी दुपारनंतरचा चहा सोडून पाहावा. वामकुक्षी अर्ध्या तासापलीकडे लांबवू नये. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. अंथरुणावर पडल्यावर बराच वेळ झोप आली नाही, तर घड्याळाकडे पाहत तळमळण्यापेक्षा उठून मंद उजेडात बसावे व पेंग आल्यावर परत जावे. आठवड्यातून तीन वा अधिक रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, तर तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

रुग्णालयाच्या परिसरातील नागरिकांनाही एक विनंती. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तेथील आवाज ४० डेसिबलच्या आत राहणे अपेक्षित आहे. वरात, मिरवणूक वा फटाके यांचा आनंद कोणी घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. तो आमच्या फाटकापासून दूर घ्यावा, एवढेच मागणे आहे.

शेवटी आपल्या दात्यांविषयी. आपल्या देणग्यांतून खाटा आल्या, यंत्रे आली, शस्त्रक्रियागृह उभे राहिले. त्यांवर आपल्या नावांच्या पाट्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. शांत रात्रीवर मात्र कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. रात्रपाळीला एक परिचारिका अधिक असली, खाटांच्या मध्ये पडदे असले, नातेवाइकांसाठी एक खोली असली, तर त्यातून रुग्णाला जे मिळते, ते कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. पुढील वर्षी या तीन गोष्टींना अग्रक्रम द्यावा, अशी नम्र सूचना आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे. आपले पाठबळ त्यासाठीही लाभावे.

ते निवृत्त शिक्षक पाचव्या दिवशी पूर्ण भानावर आले. खिडकीजवळची शांत खाट, कानाला श्रवणयंत्र, वेदनांवर नेमके औषध आणि रात्री उशाशी बसलेली ओळखीची व्यक्ती, यांचाही त्यात वाटा होता. महिन्याभराने ते काठी टेकत तपासणीसाठी आले. त्या रात्रीचे त्यांना काहीच आठवत नव्हते. मुलाला मात्र सारे आठवत होते. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. ‘झोप छान लागते,’ ते म्हणाले, ‘घरी कोणी उठवत नाही ना!’

हा शेरा आम्ही आमच्यासाठी नोंदवून ठेवला आहे.